पटले सरांची चार दारं

कुणीही येऊन "अमुक बिघडलं" म्हटलं, की हिवराज पटले सर बिघडलेल्या वस्तूकडे बघायचेच नाहीत. सांगायला आलेल्या माणसाकडे बघायचे. चपलेपासून सुरुवात करून सावकाश डोक्यापर्यंत. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "मशीन मंग पाहू. पहिले मानूस पाहू."

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. नव्व्याण्णव साली मी देवरीजवळच्या, हमरस्त्याला लागून असलेल्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेचं कुलूप उघडेना. किल्ली फिरवून फिरवून मी घामाघूम झाले होते. व्हरांड्यातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ चालले होते, खांद्यावर दुपट्टा आणि हातात तबल्याची हातोडी. मी म्हटलं, "सर, कुलूप बिघडलंय." त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि हात पुढे केला. "किल्ली दाखवा." ती माझ्या गोंदियातल्या घराची किल्ली निघाली. प्रयोगशाळेची पर्समध्येच होती.

"कुलूप बराबर हाये," ते म्हणाले. "तुमीच मनातून घरी जाऊन राहिल्या होत्या." मला राग आला होता, पण माणसानं सांगितलं ते खरं होतं. सकाळपासून मला घरच आठवत होतं.

पटले सर संगीत शिकवायचे. राहायला सौंदडला. घरची धानाची शेती होती आणि तिची भाषा त्यांच्या संगीतात सगळीकडे शिरली होती. मुलं बेसूर झाली की म्हणत, "सूर फेकू नका रे, रोवा! फेकलेला धानही उगवते, पन रांगेत नाई येत." ताल चुकला की, "काऊन पळून राहिला? मागं कोन लागला तुह्या?" पुण्याकडच्या एखाद्या संगीतशिक्षकानं हे ऐकलं असतं तर कानावर हात ठेवले असते. आमची मुलं मात्र सुरात गात होती.

शाळेची जुनी पेटी म्हणजे सरांचा जीव. आणि तिच्या जागी एक दिवस डिजिटल पियानो आला. नागपुरात बस्तान बसलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं तो शाळेला भेट दिला होता. मोठा, काळा, चकचकीत, आणि कपाळभर बटणं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हरखून गेले. पटले सरांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागून हात फिरवला आणि विचारलं, "भाता कुठी हाये?"

"त्याला भाता नसतो, सर. विजेवर चालतो."

"श्वास घेत नाई, तरी गाते? कमाल हाये बाप्पा." त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी त्याला पियानो म्हटलं नाही. ती 'पेटी'च राहिली.

सोबत आलेलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. विजेची वस्तू म्हणजे विज्ञान, या न्यायानं मोठ्या सरांनी ते माझ्या हवाली केलं. मी इमानेइतबारे वाचलं. पटले सरांनी ते उघडूनही पाहिलं नाही. त्यांनी आठवड्याभरात स्वतःचंच शास्त्र तयार केलं. "मॅडम, पेटीत बिघाड चार दारानं येते. बिजलीचं दार, आवाजाचं दार, कानाचं दार आन् मानसाचं दार." विजेचं दार म्हणजे पिन नीट बसली आहे का. आवाजाचं म्हणजे आवाज कमीजास्त करायची कळ कुणी खाली ओढून ठेवली आहे का. कानाचं दार म्हणजे हेडफोन खुपसायचं भोक, कारण त्यात काही अडकलं की बाहेरचा आवाज बंद होतो. आणि चौथं दार म्हणजे समोर बसलेला माणूस.

"पण तुम्ही तर आधी माणूसच बघता," मी म्हटलं.

"पाहाचं पहिले. सांगाचं शेवटी. नाईतर मानूस भांडते."

या शास्त्राची पहिली परीक्षा पंधरा ऑगस्टच्या तालमीला झाली. मुलं रांगेत उभी, सरांची बोटं पट्ट्यांवर, आणि पियानो मुका. मोठे सर कासावीस झाले. "इतकी महागाची वस्तू! कुणी हात लावला होता?" पटले सरांनी दोन दारं शांतपणे तपासली. मग त्यांची नजर मोठ्या सरांच्या बुटांपासून वर चढायला लागली. "मोठे सर, दुपारी तुमी इथी काय आइकत होते?" मोठ्या सरांचे कान लाल झाले. ते रोज मधल्या सुट्टीत दार लोटून, हेडफोन लावून पियानोतली आयती धून ऐकत बसत, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. त्यांनी हेडफोन नेला होता, पण त्याच्या बारीक टोकावर चढवायची जाड जोडपिन भोकातच राहिली होती. सरांनी ती उपटून त्यांच्या हातावर ठेवली. पियानो गायला लागला.

सर स्वतः काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. एकदा स्वर छेडला की तो थांबेचना, घुमतच राहायचा, आणि पायाखालचं पेडल दाबलं की उलट चट्दिशी तुटायचा. दोन दिवस सर पेटीवर डाफरत होते. मी पुस्तकात बघितलं. पेडलवर पाय ठेवून बटण चालू केलं की त्याचं काम उलटं होतं. सर आधी ऐसपैस पाय पसरून बसायचे, मग वीज द्यायचे. मी सांगितलं तेव्हा त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "पायाले समज नाई." म्हणजे दोष पायाचा. सरांचा नव्हे.

आणि तांदळाची गोष्ट तर आमच्या शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं चघळली गेली. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीलाही घाम फुटतो. पियानोच्या पट्ट्या चिकटायला लागल्या. आमच्याकडे घरोघरी मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकतात, ओल लागू नये म्हणून. सरांनी तोच उपाय पियानोला केला. मलमलीच्या फडक्यात तांदूळ बांधून पुरचुंडी पट्ट्यांवर ठेवली आणि वरून कापड झाकलं. तांदूळही साधा नाही, स्वतःच्या शेतातला सुवासिक चिन्नोर. "पेटीले का रेशनचे तांदूर द्याचे?" त्या वासावर जे यायचे ते आले. उंदरानं पुरचुंडी फाडली, दाणे फटीतून आत गेले, आणि नेमकी मधली एक पट्टी दबेनाशी झाली. आम्ही चौघांनी पियानो उलटा धरला. आत भातच भात. सर जमिनीवरचे दाणे वेचत गंभीरपणे म्हणाले, "बिघाड नाई. जेवून राहिली होती बिचारी." त्यानंतर कुणाच्याही डब्यात चिन्नोर दिसला की कुणीतरी विचारायचंच, "पियानोतला का?"

पुढे दिवस सुखाचे गेले. रोज सकाळी सर पियानोवर बसत, शाळा प्रार्थना म्हणे आणि मग फळ्यावर खडू चाले. सर इतर तासांना कंटाळत, रजा टाकत, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर गायबच होत. पण शाळेत आले आणि प्रार्थना चुकली, असं कधी झालं नाही. "धा मिनिटासाठी सौंदडहून येतो मी," ते म्हणत. "बाकी दिवस तं पगारासाठी हाये."

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असतील, तेव्हा पहिल्यांदाच खुद्द सरांनी तक्रार केली. "वरच्या पट्ट्या मरून राहिल्या." त्यांनी तीनही दारं तपासली, काही सापडलं नाही. गोंदियाहून कारागीर आला. त्यानं पियानो खोलला, पुसला, परत मिटला. "गुरुजी, इसमें कुछ नहीं है. एकदम बढ़िया बज रहा है." सर भडकले. "तुमको सुनाई नहीं देता क्या?" तो बिचारा हात जोडून गेला.

स्नेहसंमेलनाची तालीम जवळ आली होती. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, तुमी विज्ञानवाल्या. तुमी पाहा." त्यांनी उजव्या टोकाच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसे स्वर खोलीभर स्वच्छ वाजले.

"पाहा," सर म्हणाले. "हाये का काई आवाज?"

 माझी नजर आपसूक पियानोवरून उठली आणि त्यांच्या चपलांवर गेली, तिथून वर, दुपट्ट्यावरून, चेहऱ्यापर्यंत. सरांनी ती नजर ओळखली. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांकडे तसंच पाहिलं होतं.

"वाजून राहिली का?" त्यांनी हळू विचारलं.

"वाजतेय, सर."

"साफ?"

"साफ."

त्यांनी बोट पट्टीवरून काढलं नाही. पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. मला वाटलं, खोटं बोलायला हवं होतं. पण यांच्याशी खोटं कसं बोलणार?

"मंग चौथं दार," ते म्हणाले.

 मग एकेक बाहेर पडलं. प्रार्थनेत मुलांचा आवाज येतो, मुलींचा येत नाही. "पोरींचे तोंडं हालताना दिसते, मॅडम. आवाज नाई येत. मी अंदाजानं चालून राहिलो." मोठ्या सरांना कळलं तर ते पेटीवरून उठवतील आणि एखाद्या वर्गावर नेऊन बसवतील, याची त्यांना धास्ती होती. नोकरी जाणार नव्हती. जाणार होती ती दहा मिनिटं.  मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही."

त्या संध्याकाळी मी ते पुस्तक पुन्हा काढलं. पियानोवर एक बटण होतं. ते दाबलं की तीच बोटं, तीच पट्टी, पण सगळं गाणं एक पायरी खाली सरकतं. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. त्यांनी तीनदा दाबलं आणि मुलींना गायला लावलं. कानामागे हात धरून ऐकलं आणि हसले. "आल्या! पोरी आल्या घरी." विज्ञानाच्या हिशेबानं तीन पायऱ्यांनी कानाला एवढा फरक पडायचं कारण नव्हतं. पण त्या वेळी मी विज्ञान माझ्याजवळच ठेवलं. वीज बंद केली की पियानो मूळ जागी जायचा, म्हणून सर रोज सकाळी आधी तीनदा बटण दाबत. मुली कुरकुरल्या, "सर, खूप खाली होते." आवाज फुटलेली दहावीची मुलं मात्र खूश झाली. पुढे शाळेला त्याच पट्टीची सवय झाली.

सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी नागपूरला शिकून आलेल्या तरुण बाई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पियानो लावला, छान सूर दिला, आणि सगळी शाळा भलत्याच खालच्या पट्टीत सुरू झाली. बाई थांबल्या. पुन्हा सूर दिला. शाळा पुन्हा खालीच. त्यांनी पिन बघितली, कळ बघितली, हेडफोनचं भोकही बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, पियानोची पट्टी बिघडलीय." मी म्हटलं, "पियानो ठीक आहे. तीनदा खाली दाबा." त्यांनी दाबलं, आणि प्रार्थना सुरळीत झाली.

ही गंमत सांगायला मी सौंदडला गेले. सरांना आता फारच कमी ऐकू येत होतं. कानातलं यंत्र खुंटीला टांगलेलं. "ते शिट्या मारते दिवसभर," ते म्हणाले. मी इतकी ओरडून सांगत होते की शेजारच्या बायका दारात आल्या. सर पोट धरून हसले. मग दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि एकदम मास्तर झाले.

"नाई मॅडम. हे चूक झालं. माह्यासाठी पोरं खाली बसली होती. आता कायले बसाचं? पोरींचा गळा वर जाचा हाये. उठवा त्यायले."

"एकदम?"

"एकदम नाई. रोप उपटते का कोनी असं? एक एक पायरी."

नव्या बाईंना मी ते सांगितलं, आणि पट्टी मुळात का खाली गेली होती तेही. त्यांनी महिन्या-दोन महिन्यांनी एकेक दाब कमी केला. सव्वीस जानेवारीला पियानो आपल्या मूळ जागी आला, आणि मुलींचे आवाज मैदानाबाहेर हमरस्त्यापर्यंत गेले. मी त्यांच्यातच उभी होते. हे सरांना कुठल्याच उपायानं ऐकू आलं नसतं, एवढंच माझ्या मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, ऐन रोवणीत, सर गेले. सौंदडहून निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर शाळेत गेले. नव्या बाई पियानोवर येऊन बसल्या होत्या, मुलं रांगा धरत होती. मी जवळ गेले आणि काही न बोलता ते बटण तीनदा दाबलं.

बाईंनी पियानो तपासला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चपलेपासून चेहऱ्यापर्यंत. मग खालच्या पट्टीत सूर दिला, आणि सगळी शाळा खाली बसून गायली.