झाकणावरचं नाव

न गळणारा डबा म्हणून मी एकदा मोठ्या कंपनीच्या साहेबासमोर डबा उलटा धरला आणि कुळथाचं सार त्याच्या मांडीवर ओतलं. झाकणातली रबराची रिंग सकाळी घासून मी मोरीच्या कट्ट्यावरच विसरले होते! तेव्हा मी पंचेचाळिशीची. ओठांना लिपस्टिक, डोक्यात हवा… "बघा हं, थेंब पडणार नाही," असं वर ठणकावलंही होतं मी शहाणीने.

रिंग माझ्या मैत्रिणीने, सुलभाने केलेली. सुलभा गेली त्याला महिना होईल. शोकसभेत त्याच कंपनीचा आजचा साहेब उठून म्हणाला, "त्या आमच्या रबर सप्लायर होत्या." सप्लायर! माझ्या हातात चहाचा कप होता. तो फेकला नाही, याची चुटपुट अजून आहे.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचे गाळे भिंतीला भिंत लागून. मी स्टीलचे डबे करायची, ती कुकर-मिक्सरच्या रिंगा. माझ्या डब्यातलं कालवण तिच्या पर्समध्ये सांडलं आणि ती तणतणत आली, "डबा करतेस की चाळण गं?" तिथून सुरुवात. तिने रिंग जाड केली की माझी क्लिप लागेना; मी क्लिप वाकवली की तिची रिंग निसटे. आम्ही अशा भांडायचो, की शेजारचा वेल्डर काम थांबवून ऐकायचा. डबा दोघींचा झाला, तो असा. झाकणावर दोघींची नावं हवीत, हे तिचं पहिल्यापासूनचं.

दुसऱ्या खेपेला साहेबासमोर डबा गळला नाही. "आपण मिळून बनवू," साहेब म्हणाला. साचे त्यांचे, दुकानं त्यांची, मान्य. नावांचंही "नक्की, मॅडम" म्हणाले. मी खुळी, त्यांना कांदाभजी खिलवत एकेक नमुना उलगडून दाखवत बसले. डबा बाजारात आला, तर झाकणावर कंपनी एकटी. सुलभा विचारत राहिली, ते "पुढच्या लॉटला" म्हणत राहिले. वर्षानुवर्षं! मिळून म्हणजे काय रे? डोकं आमचं आणि नाव तुमचं, याला मालवणीत एक शब्द आहे. पेपरच्या या पुरवणीत तो छापणार नाहीत.

पहिला नमुना माझ्या फडताळात आहे. सुलभाने हाताने कापलेली रिंग आजही घट्ट बसते. धुतली की आधी ती लावते, मग बाकीची भांडी… सार सांडलं त्या दिवशी कंपनीच्या वांद्र्यातल्या काचेच्या इमारतीखाली मी रडवेली उभी होते. सुलभा पोट धरून हसत होती. म्हणाली, "रडतेस काय गं? माझ्याशिवाय तुझा डबा गळतो, हे साहेबाच्या पँटीलाही कळलं. आता झाकणावर माझं नाव नको कोण म्हणतो, बघतेच मी!"