घाटकोपरची फिजिओथेरपी

नवऱ्याचा उजवा खांदा आखडला आणि त्यामुळे आम्ही साल्सा शिकलो. हे असं सांगितलं की लोक माझ्याकडे बघत बसतात, पण झालं ते अगदी असंच.

नवरा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. शर्ट घालताना 'आई गं' करायला लागला तेव्हा मी त्याला धरून घाटकोपरला एका फिजिओकडे नेलं. मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी त्याच संध्याकाळी पसरली, कारण बरोबर आमच्या खाली, तळमजल्यावर, काकू राहतात. काकूंना कळलं की नोटीस बोर्डाची गरज राहत नाही.

फिजिओ आत त्याचा हात पिरगळायचा आणि मी बाहेर बाकड्यावर बसून राहायचे. वरच्या मजल्यावरून गाणी ऐकू यायची. एकदा राहवलं नाही, जिना चढून बघायला गेले. काचेचं दार, आत भिंतभर आरसे आणि जोड्या नाचतायत. सगळी कॉलेजची पोरं असतील असं वाटलं होतं. पण त्यात एक टक्कल पडलेले गृहस्थ होते आणि त्यांच्यासोबत माझ्याहून चांगली जाड बाई होती. दोघं एकमेकांचे हात धरून असे काही खिदळत होते की माझा नुसता जळफळाट झाला.

का ते सांगते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. रोज सकाळपासून परक्या माणसांचे हात धरायचे आणि 'मूठ आवळा, मूठ सोडा' म्हणायचं. पण माझ्या नवऱ्यानं चारचौघांत माझा हात धरला तो लग्नात, आणि तोही भटजींनी धरायला लावला म्हणून. रस्त्यानं चालताना हा कायम पुढे. माणूस लाखात एक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कोणी बघतंय म्हटलं की त्याचा खांब होतो. माझी एवढीच हौस होती, की एकदा, भरल्या लोकांत, या खांबानं माझा हात धरून नाचावं.

खांदा मोकळा झाला. फिजिओ म्हणाला, आता घरी व्यायाम करत राहा. मी बाहेर आल्या आल्या म्हटलं, "अहो, वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवतात. चला, बघून तर येऊ."

त्यानं काचेतून आत बघितलं आणि जागच्या जागी मागे वळला. "माका नाय जमाचा ह्या!"

नवरा मालवणीत शिरला की समजायचं, फाटलीये.

मी काही पिच्छा सोडला नाही. भांडी घासताना साल्सा, चहा देताना साल्सा, टीव्हीवर बातम्या लागल्या की बातम्यांवर साल्सा. शेवटी वैतागून तो म्हणाला, "येतो बाई. पण बिल्डिंगमधल्या एकानं जरी बघितलं, तर मी तिथल्या तिथं थांबणार. मग परत नाव काढायचं नाही." मी अट कबूल केली. बिल्डिंगला काय सांगायचं हा प्रश्नच नव्हता. वार तोच, वेळ तीच, हातातली पिशवी तीच. फिजिओकडे चाललोय.

शिकवणारा मुलुंडचा होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. अंगात हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी असा लवचीक. त्यानं टाळ्या वाजवत सुरुवात केली, "वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन."

नवऱ्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला. "चार कुठे गेला?"

"अंकल, चारला थांबायचं."

"का?"

"म्हणजे... म्युझिकच तसंय ना."

नवऱ्याला हे पटलं नाही. ज्याच्या वर्कशॉपमध्ये एक नट जरी कमी पडला तरी मशीन सुरू होत नाही, त्याला मधला आकडा गाळून पुढे जा म्हणायचं म्हणजे काय! तो चारला पाय आपटायचाच. सगळा क्लास चिडीचूप थांबलेला आणि मधेच याचा धप्प आवाज. त्याला थांबणं म्हणून जमेना.

माझा आजार वेगळा होता. "मॅम, तुम्ही ओढताय," पोरगा सारखं म्हणायचा. "अंकल लीड करतील, तुम्ही फक्त फॉलो करा."

"अरे राजा, यांचं लीड सुरू होईपर्यंत तुझा क्लास सुटेल," मी म्हटलं. सगळे हसले. नवरा मात्र आरशात स्वतःच्या पायांकडे बघत होता.

मग ती क्रॉस हँडची भानगड झाली. आता माझं माहेर कणकवलीकडचं. गणपतीत आमच्याकडे पोरी चालायला लागल्या की फुगडीला लागतात. फुगडीचं शास्त्र एकदम सोपं. हातांची फुली करून समोरचीचे हात धरायचे, पायाला पाय भिडवायचा, मागे झुकायचं आणि जीव खाऊन ओढत गरागरा फिरायचं. दोघी ओढतात म्हणून दोघी उभ्या असतात. एकीनं ढील दिली की दोघींची वाट लागली. हे माझ्या हाडांत मुरलेलं. आणि त्या बिचाऱ्यानं माझ्यासमोर येऊन, "मॅम, क्रॉस हँड," असं म्हणत दोन्ही हातांची छान फुली करून पुढे धरली.

मी हात धरले, टाचा जुळवल्या, मागे झुकले आणि घेतली गिरकी. पोरगा फुलासारखा हलका. अर्ध्या फेरीतच त्याचे पाय जमिनीवरून सुटले, हात सुटले आणि तो कोपऱ्यातल्या बॅगांच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसला. सगळ्यांचे पाय थांबले. गाणं तेवढं चालू होतं.

"मॅम," त्यानं बसल्या बसल्याच विचारलं, "हे काय होतं?"

"फुगडी," मी म्हटलं. "तूच हात तसे दिलेस."

आणि कोण हसलं असेल? माझा नवरा. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकं हसताना मी त्याला किती वर्षांत बघितलं नव्हतं. परतीच्या मेट्रोत तो अधूनमधून आठवून फुसफुसत होता. त्या दिवसापासून क्लासच्या संध्याकाळी पिशवी तोच भरायला लागला.

घरी सराव सुरू झाला. त्यानं वर्कशॉपची पिवळी चिकटपट्टी आणून हॉलमध्ये फरशीवर पावलांच्या खुणा केल्या, पट्टीनं मापून. पडदे ओढायचे, मोबाइलवर गाणं बारीक आवाजात लावायचं, बेल वाजली की खुणांवर सतरंजी. सगळं चोख. फक्त तो चारचा धप्प काही जात नव्हता, आणि खाली काकू.

एक दिवस काकू वर आल्या. "काय गं, रोज संध्याकाळी काय कुटतेस?"

"मसाला," माझ्या तोंडून गेलं.

"मालवणी? अगं बाई! मग वाटीभर मला पण दे की."

आता आली का पंचाईत! मसाला मी कधीची विकत आणते. मग बाजारातून पाकीट आणलं, घरभर वास सुटावा म्हणून कढईत पुन्हा भाजलं, सगळ्यांना ठसका लागला, आणि वाटी खाली पोचती केली. काकू म्हणाल्या, "झकास झालाय हो. पण एवढा कुटून जरा भरडच राहिलाय."

काकूंबद्दल उगाच वाईट नको वाटायला. त्या आहेत भोचक, पण आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत फुगडीला माझी जोडी कायम त्यांच्याशी. वयानं मोठ्या, पण झुकतात अशा की हात सुटायची भीती नाही. तर यंदा नेमका त्यांचा खांदा धरला. वेणी घालता येईना. "तुझ्या नवऱ्याचा बघ कसा मोकळा झाला," त्या म्हणाल्या. "मला पण पत्ता दे ना." दुखणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी पत्ता दिला आणि वर शहाणपणानं सांगितलं, "सकाळच्या जा काकू, गर्दी नसते."

काकू संध्याकाळी आल्या. आम्ही क्लास संपवून जिन्यानं उतरत होतो, नवरा नेहमीसारखा पुढे, पायात नाचासाठी घेतलेले गुळगुळीत तळाचे काळे चकचकीत बूट. खाली फिजिओच्या दारात काकू आणि त्यांची सून.

"अहो! तुम्ही वरून कुठून?"

नवऱ्याचा खांब झाला. मी मागून म्हटलं, "वर मशीन आहे, काकू."

"मशीन? गाणी ऐकू येतायत की."

"गाण्यानं स्नायू सैल पडतात."

काकूंनी नवऱ्याच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हं." काकूंचा तो 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचं तासभर भाषण.

मेट्रोत बसल्यावर नवरा म्हणाला, "बघितलं त्यांनी."

"जिना बघितला. नाच कुठे बघितला?"

"अट ती अट," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

घरी आल्यावर त्यानं फरशीवरच्या पट्ट्या काढल्या. मला इतका राग आला की काय सांगू! आणि खरं सांगायचं तर बाथरूममध्ये जाऊन मी रडले. त्याला जमायला लागलं होतं हो. दोनतीनदा तर चारला थांबलाही होता. मग मी माझ्या पद्धतीनं सूड घेतला. श्रावण चालू, घरात मासळी बंद, माणूस सुटून जाणार कुठे? रोज दुधी. दुधीची भाजी, दुधीची आमटी, दुधीची कोशिंबीर. तो निमूट जेवायचा. फ्रिजजवळ चिकटपट्टीचा एक तुकडा राहून गेला होता. तो त्यानं काढला नाही आणि मीही काढला नाही.

गणपती आले. गावचा पाच दिवसांचा गणपती पोचवून आम्ही परत आलो. बिल्डिंगचा दहा दिवसांचा असतो. आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी खाली मंडपात आरती झाली, प्रसाद वाटला, पुरुषमंडळी एका बाजूला झांजा आणि ढोलकी घेऊन बसली, आणि बायकांनी खुर्च्या सरकवून फुगडीला जागा केली. जोड्या जुळल्या. मी सवयीनं पदर खोचून मधे गेले, हातांची फुली केली आणि समोर बघितलं तर कोणीच नाही. काकू खुर्चीत बसलेल्या, खांद्यावर शाल.

"अगं, यंदा मी नाही!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तुला जोडी कोण आता? घ्या गं हिला कोणीतरी!"

पण सगळ्या जोड्या झाल्या होत्या. मी वेड्यासारखी हात पुढे करून मधोमध उभी. हात मागे घेतले तरी शोभा, ठेवले तरी शोभा. तेवढ्यात एक झांज खाली ठेवल्याचा खणकन आवाज आला.

नवरा उठला. ढोलकीवाल्याच्या पायांवरून ओलांडून आला, बायकांच्या मधून वाट काढत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. कानाच्या पाळ्या लालभडक. आमच्या बिल्डिंगमध्ये बायकोबरोबर फुगडी घालणारा पुरुष कोणी बघितला नव्हता. मीही नव्हता बघितला. ढोलकी थांबली.

"अहो, तुमचा खांदा!" काकू ओरडल्या.

"बरा आहे," नवरा म्हणाला. "घाटकोपरला जातो ना."

काकू म्हणाल्या, "हं." पण या वेळी हसून.

त्यानं हातांची फुली केली, मुलुंडच्या पोरानं शिकवली होती अगदी तशी. मी ते हात धरले. घामानं ओले झाले होते.

"मागे झुका," मी हळूच म्हटलं.

"पडान गो."

"मी धरलंय ना. ओढा मला. इथे ओढायचंच असतं."

तो झुकला. आधी भीत भीत, मग सगळा. त्याचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं आणि माझं त्याच्या, आणि आम्ही फिरायला लागलो. ढोलकी सुरू झाली. मंडप, माळा, काकूंची शाल, सगळ्यांचे मोबाइल, सगळं गरागरा फिरत होतं. अख्खी बिल्डिंग बघत होती. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत, शिवाय वॉचमन. मला अट आठवली. आता हा हात सोडणार.

"सगळे बघतायत हो!" मी ओरडून विचारलं. "थांबायचं का?"

"गप रव!" तो हसत ओरडला. "आता थांबलो तर दोघं पडू!"