खाली बसू की नको?

"कॉन्ड्रोमलेशिया पटेला," रोह्याचे डॉक्टर एमआरआयचा रिपोर्ट बघत म्हणाले. "म्हणजे गुडघ्याच्या वाटीमागची गादी झिजतेय. सूजही आहे. खाली बसणं बंद. मांडी नाही, उकिडवं नाही."

"आणि नमाज?"

"खुर्चीवर पढा."

मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावची, वय त्रेचाळीस. सांगितलं ते सगळं ऐकलं. मासे ओट्यावर उभ्यानं कापू लागले. कमोड बसवून घेतला. सूज महिन्याभरात उतरली, पण गोळ्या संपल्यावर मी परत दाखवायला गेलेच नाही. नमाजाला सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई सजद्यात जमिनीला कपाळ टेकायच्या आणि मी खुर्चीत नुसती वाकायची. लाज वाटायची.

आठ महिने असेच गेले. मग एकदा रिक्षातून उतरताना पायच दुमडला आणि भर बाजारात मी खाली बसले. पडले म्हणायचं, पण बसले म्हणते.

माझा भाऊ पेणला राहतो. तो मला तिथल्या फिजिओथेरपिस्टकडे, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्या मॅडमकडे घेऊन गेला. त्यांनी टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. दुखऱ्या पायाची, उजवी, बारीक निघाली.

"गुडघ्याला सांभाळणारा क्वाड्रिसेप्स, हा मांडीचा पुढचा स्नायू, वाळलाय. उठाबशा काढायच्या. खुर्चीला टेकायच्या आधी थांबायचं आणि उठायचं. रोज दहा."

माझं डोकंच चालेना. एक म्हणतात बसू नका, दुसऱ्या म्हणतात बसा. गुडघा तर एकच.

"म्हणजे आधीचे डॉक्टर चुकले?"

"नाही. सूज होती तेव्हा विश्रांतीच हवी होती. पण किती दिवस, हे तुम्ही विचारलंत का?"

खरंच विचारलं नव्हतं.

घरी सुरुवात केली. चौथ्या उठाबशीला दुखलं की घाबरायचे. हे दुखणं चांगलं की वाईट? मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. सूज आली तर थांबा आणि इकडे या." तरी रोज सकाळी गुडघा चाचपून बघायचे, उतरलं की नाही ते कळायचं नाही. सासूबाई दारात बसून मोजायच्या. "अजून तीन बाकी हायत गो. लबाडी नको!"

तीन महिन्यांनी मॅडमनी जमिनीवर जायला परवानगी दिली. त्या दुपारी घडी केलेली चादर गुडघ्यांखाली घेऊन मी सजद्यात गेले. कपाळ टेकलं. उठताना गुडघा कट्ट वाजला, पण उठले. सासूबाईंनी खुर्ची उचलून बाहेर ओटीवर नेली.

तुमच्यापैकी कुणाला खाली बसू नका असं सांगितलं गेलं तर घाबरू नका. फक्त "किती दिवस?" एवढं विचारा. न विचारल्याचे माझे आठ महिने गेले. डॉक्टरांची आणि मॅडमची, दोघांचीही मी आभारी आहे, अजून सगळं समजलेलं नसलं तरी.

परवा कतारहून नवऱ्याचा फोन आला. "बरी झालीस ना?"

"नक्की माहीत नाय," मी म्हटलं. "पण खाली गेले की वर येते."