बेंचवरचे नवरे आणि अर्लकाकांचे घोडे

नोकरी चालू असलेल्या माणसाकडे किस्से नसतात हो, मीटिंगा असतात. किस्से हवे असतील तर नवरा बेंचवर पाहिजे!

बेंच म्हणजे काय, ते सांगते. २००२ साली आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला होतो. शिरीषचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, प्रोजेक्ट बंद पडला. ज्या एजन्सीनं त्याला पुण्याहून आणलं होतं ती म्हणाली, दुसरं काम मिळेपर्यंत घरी बसा. पगार नाही. आणि महिनाअखेर काम मिळालं नाही तर व्हिसा गेला, उचला बॅगा. मी एच-फोरवर, म्हणजे सरकारदरबारी नवऱ्याचं शेपूट. तो जाईल तिथे मी.

आठवडाभरात शिरीषनं माझे मसाल्याचे डबे एबीसीडीप्रमाणे लावले. मोहरी मस्टर्डमध्ये, हळद टर्मरिकमध्ये! मी म्हटलं, हा माणूस घरात राहिला तर व्हिसाच्या आधी लग्न संपेल.

तासाभरावर एक जुन्या पद्धतीचं शेत होतं. नांगर, गाडा, सगळं घोड्यांवर. फुकट राबणारी माणसं त्यांना हवीच होती. मी शिरीषला तिकडे हाकलला. त्याच्यामागून आणखी दोन बेंचवरचे आले: पुण्याचे जोगळेकर, माजी प्रोजेक्ट मॅनेजर, आणि नागपूरचा मिलिंद खोब्रागडे, डेटाबेसवाला. गाडी एकच चालू होती आणि ती मी चालवायची, म्हणून मीही.

\*

शेतावरचे घोडे सांभाळायचे अर्लकाका. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं. ड्यूक आणि डेझी ही त्यांची जोडी. एकेक जनावर आमच्या टोयोटाएवढं.

पहिल्या दिवशी अर्लकाकांनी चामड्याच्या पट्ट्यांचा एक ढीग शिरीषच्या अंगावर टाकला. हा साज. सगळ्यात आधी घोड्याच्या गळ्यात जाड कॉलर, कारण सगळं ओझं तिच्यावर येतं. मग त्यावर बाकीचे पट्टे.

जोगळेकरांनी खिशातून पेन काढलं. "याचं मॅन्युअल कुठे मिळेल?"

अर्लकाकांनी ड्यूककडे बोट दाखवलं. "ते काय, समोर उभं आहे. पण मागून वाचू नका. लाथ मारतं."

\*

कॉलर नीट बसली का, हे कसं बघायचं? गळ्याखाली कॉलर आणि घोडा यांच्यामध्ये आपला पंजा सपाट घालायचा. सहज गेला तर बरोबर. अडकला तर घट्ट, मूठ मावली तर सैल.

अर्लकाकांचा पंजा पोळपाटाएवढा. मिलिंदचा कॉलेजच्या पोरीसारखा. एकाच कॉलरला काका म्हणाले "घट्ट", मिलिंद म्हणाला "सैल". झालं! जोगळेकर उभे राहिले. "आधी आपल्याला एक स्टँडर्ड पंजा ठरवावा लागेल."

त्यावर चर्चा सुरू झाली. कुणाचा पंजा, डावा की उजवा. मी डबा उघडून पोहे खाल्ले, झाकण लावलं, तरी चर्चा चालूच.

शेवटी मिलिंद वैतागला. "अहो साहेब, कॉलर घोडा घालून राहिला ना! त्याला तर विचारा!"

\*

पण जोगळेकर गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी टेप आणली, दोन्ही घोड्यांच्या माना मोजल्या, सरासरी काढली, आणि शेतावरच्या अडगळीतून त्या मापाच्या दोन कॉलरी शोधून आणल्या. म्हणे, एकच साइज ठेवली की मेंटेनन्स सोपा.

ड्यूकला ती घट्ट झाली, डेझीला गळ्यात टायर घातल्यासारखी लोंबायला लागली.

अर्लकाकांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही तुमच्या दोन्ही मुलांना एकाच मापाचे बूट घेता?"

"घेतो की," जोगळेकर म्हणाले. "मोठ्याचे धाकट्याला!"

\*

मिलिंदचं एक ऐका. पोटाखालचा पट्टा पलीकडून ओढून घ्यायला तो वाकला, तेवढ्यात ड्यूकनं त्याच्या बुटावर पाय ठेवला. जोरात नाही. आपण सोफ्यावर हात ठेवतो, तसा.

आम्ही सगळे ओरडायला लागलो. मिलिंद मात्र वाकलेलाच. "ओरडू नका बाप्पा, तो दचकेल. अर्लकाका, याला एवढंच सांगा की माझा इन्शुरन्स नोकरीबरोबर गेला आहे."

काकांनी ड्यूकच्या खांद्याला नुसता खांदा लावला. ड्यूकनं पाय उचलला. अंगठा काळानिळा झाला होता, पण बूट वाचला म्हणून मिलिंद खूश!

\*

ड्यूक झपाझप चालायचा, डेझी कायम अर्धं पाऊल मागे. घोड्यांच्या मागे एक आडवा दांडा असतो, दोघांचं ओढणं त्यावर येतं. अर्लकाकांनी त्याची मधली खीळ काढून जरा ड्यूकच्या बाजूला सरकवली. आता डेझीला कमी ओढावं लागणार, ड्यूकला जास्त.

जोगळेकरांना हे सहन होईना. "म्हणजे जो कमी काम करतो त्याचंच काम आणखी कमी? याला काय मॅनेजमेंट म्हणतात?"

मी म्हटलं, "जोगळेकर, तुम्हाला प्रमोशन कसं मिळालं होतं?"

परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

\*

शिरीषनं नोकरी गेल्याचं चिंचवडला सांगितलंच नव्हतं. दर रविवारी आईंचा फोन.

"काम कसं चाललंय रे?"

"बाहेरचं काम आहे आई. मोकळ्या हवेत."

"आणि बरोबरची माणसं?"

"फार बोलत नाहीत. कष्टाळू आहेत."

"खातोस ना वेळेवर?"

"त्यांना घातल्याशिवाय आम्ही जेवत नाही."

आईंनी शेजारीपाजारी सांगितलं, परदेशात राहूनही पोरगा संस्कार विसरला नाही!

\*

आता तो दिवस. महिना संपत आलेला. घरात दोन बॅगा भरून झाल्या होत्या, तिसरी उघडी पडली होती. एजन्सीच्या प्रकाशजींनी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या एका कंपनीत शिरीषचा फोनवर इंटरव्ह्यू जमवला. हा शेवटचाच, यानंतर थेट विमान. प्रकाशजींचा हात मोठा सढळ. कुणाचाही रेझ्युमे त्यांच्या हाताखालून गेला की तीन वर्षांच्या अनुभवाची आठ वर्षं व्हायची.

इंटरव्ह्यू बाराला होता. पण सांता क्लारा दोन तास मागे, ते दोन तास प्रकाशजींनी दोनदा मिळवले. फोन आला दहाला.

आम्ही शेतावर. घोडे गाड्याला जुंपलेले, आणि शिरीषला नुकतंच दिसलं होतं की डेझीच्या खांद्यावर कॉलर घासून केस गेलेत. अर्लकाका लहान कॉलर आणायला गेले होते. शिरीष तिला सोडवत होता, दोन्ही हात पट्ट्यांत. मिलिंद ड्यूकला धरून. फोन मी शिरीषच्या कानाला लावला. इंटरव्ह्यू घेणारा कुणी म्हातारा होता, त्याचा आवाज इतका खणखणीत की सगळ्यांना ऐकू येत होता.

त्यानं नाव विचारलं, तेवढ्यात डेझी फुरफुरली.

"हे काय वाजलं?"

जोगळेकर जिवाच्या आकांतानं हातवारे करत होते, पंखा, पंखा सांग!

"घोडी आहे, सर," शिरीष म्हणाला. "मला दहा मिनिटं द्या. हिच्या खांद्याला लागलंय आणि साज अर्धवट सुटलाय. अशी सोडली तर पाय अडकून दोघं पडतील."

पलीकडून फोन कट!

माझा संताप झाला. "घोडीच्या खांद्याची काळजी आहे तुला! माझ्या डोक्यावर विमानाचं तिकीट आहे, त्याचं काय?" मला रडूच फुटलं. शिरीष एकेक पट्टा सोडवत राहिला. डेझीला बाजूला घेतलं, कॉलर काढली, मिठाचं पाणी आणलं. जोगळेकर गवतात डोकं धरून बसले.

फोन परत वाजला. मी डोळे पुसत शिरीषच्या कानाला लावला.

"सुटली का?"

"सुटली, सर."

"खांदा?"

"केस गेलेत, कातडी शाबूत आहे. मिठाच्या पाण्यानं धुतोय."

"कॉलर सैल झाली होती?"

"हो. उन्हाळ्यात घोडी वाळली. आम्ही माप परत घेतलं नाही."

पलीकडे कागद बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"माझे वडीलही घोड्यांवर नांगरायचे. तिला आठवडाभर जुंपू नका," म्हातारा म्हणाला. "तुम्ही सोमवारपासून या."

आम्ही गाडीपाशी नाचत असतानाच प्रकाशजींचा फोन आला. "काँग्रॅट्स! जावामध्ये काय काय विचारलं?"

"काहीच नाही," शिरीष म्हणाला. "फक्त घोड्याच्या कॉलरबद्दल विचारलं."

"घोड्याच्या?"

"हो."

मग पलीकडून कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मिलिंदचा नवा रेझ्युमे आला. पहिल्याच ओळीत: घोड्यांचा साज, आठ वर्षं!