घाट उतरताना डावा हात

ही गोष्ट सांगायची मी नऊ वर्षं टाळली. मधल्या काळात माझ्या ड्रायव्हिंगचे बाकी सगळे किस्से सांगून झाले, काही तर दोन-दोनदा, आणि अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींनी ते सोसलेही. हा एवढाच राहिला, कारण यात मी चांगला दिसत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं पुण्याहून इथे मुलाकडे राहायला आलो. मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो आणि तीस वर्षं धरणांच्या कामांवर खात्याची जीप स्वतःच चालवत गेलो. खात्याचा ड्रायव्हर शेजारी बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. त्याला झोप येत असावी, असं मी धरून चाललो होतो.

मुलाने त्याची जुनी गाडी आम्हाला वापरायला दिली. ऑटोमॅटिक. मी म्हणालो, "यात चालवायचं काय? ही तर लिफ्ट आहे."

बायकोने तोवर सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. ती म्हणाली, "लिफ्ट असेल तर मलाही येईल." आणि एकसष्टाव्या वर्षी लायब्ररीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ती सुनेकडून शिकली.

लायसन्सची परीक्षा आम्ही एकाच दिवशी दिली. ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि मी नापास झालो. थांबायच्या पाटीपाशी माझा डावा पाय क्लच शोधायला गेला. क्लच नव्हताच. ब्रेकचं रुंद पेडल सापडलं, ते त्याने क्लचच्या जोराने दाबलं, आणि परीक्षक बाईंचे कागद समोरच्या काचेवर गेले. घरी येताना गाडी अर्थातच बायकोकडे होती. पहिल्या सिग्नलला तिने ती अलगद थांबवली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी डावा पाय घरी ठेवून या."

दुसऱ्या खेपेला मी पास झालो, पण जीव रमत नव्हता. मग एक दिवस मला शोध लागला की गिअरच्या दांड्याला, गाडी आपणहून गिअर बदलते त्या 'डी'च्या बाजूला, आणखी एक खाच आहे. तिथे 'एम' लिहिलेलं. दांडा तिकडे सरकवला की पुढे ढकलून गिअर वाढवायचा, मागे ओढून कमी करायचा. क्लच नाही, पण निदान हाताला काम. त्या दिवसापासून मी भाजी आणायलासुद्धा दुसरा, तिसरा, चौथा असे गिअर टाकत जायला लागलो. दुसऱ्यात जरा जास्तच रेंगाळायचो, कारण इंजिनाचा आवाज ओळखीचा वाटायचा.

"आबा, व्हाय इज द कार यलिंग?" मागे बसलेली नात विचारायची.

"घाटाची सवय लावतोय तिला."

"कॅरीत कुठला घाट?" बायको म्हणायची. "लायब्ररीपाशी एक चढ आहे, तोही बसल्या जागी संपतो. अहो, गाडी बिचारी आपणहून गिअर बदलते. तिच्या कामात तुम्ही कशाला लुडबुडता?"

ती स्वतः दांडा 'डी'वर ठेवायची आणि पुन्हा हात लावायची नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती एकटी कम्युनिटी सेंटरच्या पोहण्याच्या तलावावर जायची. तिथे तिच्या वयाच्या सहा-सात अमेरिकन बायकांबरोबर पाण्यात उभं राहून व्यायाम करायची. परतताना खिडकी खाली करून, ओले केस वाऱ्यावर सोडून यायची. मी दारात उभा असलो की मुद्दाम एकदा हॉर्न द्यायची. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकी खूश फार वेळा पाहिली नव्हती. मला त्याचं कौतुक होतं, आणि थोडा पोटशूळही. तोही लिहून टाकतो.

त्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पानांचे रंग बघायला डोंगरात गेलो. मुलगा, सून आणि नात त्यांच्या गाडीत मागे, आम्ही दोघं पुढे. जाताना मी चालवली. उतरताना ती म्हणाली, "आता मी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भारतात ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गिअर त्याच्या डाव्या हाताला असतो. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे. त्याच्या शेजारी नुसतं बसलं, तरी गिअर आपल्या डाव्या हाताशीच येतो, थेट तिथे, जिथे माझ्या हाताने तो तीस वर्षं धरला होता. माझ्या हाताच्या लेखी गाडी मीच चालवत होतो.

उतार तीव्र होता आणि ती ब्रेक धरून चालली होती. मला ब्रेक तापल्याचा वास यायला लागला, किंवा यावा असं वाटायला लागलं.

"दुसरा टाक," मी म्हणालो.

"गाडीला कळतं."

"अगं, घाटात ब्रेकवर गाडी उतरवत नाहीत."

"तुम्ही झाडं बघा. त्यासाठी आलोय."

पुढे वळण आलं आणि माझा हात गेला. मी ठरवलं नव्हतं. दांडा 'एम'मध्ये सरकवला आणि दोनदा मागे ओढला. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला. ती दचकली, स्टिअरिंग उजवीकडे गेलं आणि आम्ही कठड्याला घासत थांबलो. माझ्या बाजूचा आरसा तुटला, दारावर लांब ओरखडा उठला. लागलं कोणालाच नाही.

तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर समोर. माझा हात तिने पाहिलाच नव्हता. मुलगा धावत येताना मला दिसला, आणि तो पोचायच्या आत मी दांडा 'एम'मधून काढून पार्किंगच्या 'पी'वर नेऊन ठेवला.

"काय झालं, आई?"

"माझंच काहीतरी चुकलं रे," ती म्हणाली. "गाडी एकदम ओरडली."

आणि मी म्हणालो, "होतं असं. नवीन आहे ती."

एवढं मोठं मन मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या प्रसंगी दाखवलेलं नाही.

गॅरेजवाल्याने गाडी तपासली आणि यंत्रात काहीच दोष नाही म्हणून सांगितलं. तिला तेवढा पुरावा पुरला. मुलगा म्हणाला, "आई, थोडे दिवस राहू दे." तिने किल्ली माझ्या हातात दिली ती कायमची. तलावावर मी तिला सोडायला लागलो. तीन-चार आठवडे मी पार्किंगमध्ये घड्याळ बघत बसलो, मग ती म्हणाली की आता पाणी गार लागतं. तो तलाव गरम पाण्याचा होता.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती स्वतःच सांगायची, "मी अमेरिकेला धडक दिलेली बाई." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि कोणी विचारलंच तर घाटात कुठला गिअर ठेवावा ते समजावूनही सांगायचो. गाडीत माझ्या उजव्या बाजूच्या सीटवर ती मांडीत हात ठेवून बसायची. माझ्या गिअरला तिने कधी हात लावला नाही.

एकदा सिग्नलला थांबलो असताना मी सुरुवात केली, "त्या दिवशी घाटात..."

"नको हो तो विषय," ती म्हणाली. "अजून तो कठडा दिसतो मला."

मी सुटलो. हिरवा दिवा लागला, मी पहिला टाकला.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. हॉस्पिटलमधल्या शेवटच्या आठवड्यात मी रोज दोन वाक्यं पाठ करून जायचो आणि तिथे तिला डाळिंब सोलून देऊन परत यायचो. मोठी नव्हती वाक्यं. गाडी तू बरोबर चालवत होतीस. हात माझा होता, मला माफ कर.