नोएलीनबाईंची एकशे आठ अंडी

जो क्षीरसागरात शेषाच्या मऊ वेटोळ्यांवर पहुडतो, ज्याला चार-चार तासांनी पहाऱ्याला उठावे लागत नाही, ज्याचे अंथरूण कधी खाऱ्या पाण्याने ओले होत नाही आणि ज्याची लक्ष्मी युगानुयुगे पाय चेपीत बसते, त्या नारायणाला आधी वंदन! त्यानंतर वंदन आमच्या ओपुआ बंदराच्या नोएलीन पॅस्कोबाईंना. त्याही समुद्रावरच नांदतात. मात्र नवऱ्याचे पाय चेपत नाहीत. अंधारात कधीमधी तुडवतात, एवढेच.

एकाहत्तराव्या वर्षी बाई आणि त्यांचे यजमान क्लॅरी आपल्या ‘टुई’ नावाच्या दहा मीटरच्या शिडाच्या नावेतून दूरच्या ताहिती बेटाला निघाले. धक्क्यावर लेक रेविनने बजावले, “आई, हल्ली तू विसरतेस. या फेरीत काही विसरलीस, तर नाव विकायची आणि माझ्या शेजारी राहायला यायचं. कबूल?”

“कबूल,” बाई म्हणाल्या. ज्यांना उभ्या जन्मात बोट लागली नव्हती, त्यांना शेजारच्या घराच्या नुसत्या कल्पनेने मळमळले.

नावेवर फ्रिज नाही. अंडी रोज उलटावी लागतात. नाहीतर बलक खाली बसतो, कवचाला चिकटतो आणि अंडे नासते. बाईंनी नऊ डझन घेतली होती. नऊ डझन म्हणजे एकशे आठ, जपमाळेचे अगदी नेमके मणी! प्रत्येकावर पेन्सिलीची फुली. आज फुली वर, उद्या खाली. पहाटेचा पहारा संपवावा, समुद्राच्या पाण्यात भांडी घासावीत, डुलत्या चुलीला पाठ टेकून चहा घ्यावा, मग ही माळ ओढावी आणि झोपावे, असा बाईंचा नेम.

पहिल्या दिवशी त्यांनी फुल्या खाली केल्या. दुसऱ्या सकाळी पाहतात तो फुल्या वर! पुन्हा खाली केल्या. तिसऱ्या सकाळी पुन्हा वर! म्हणजे आपण खरेच विसरतो, असे बाईंनी धरले. त्या कुणाला बोलल्या नाहीत. देवालाही नाही, कारण तो रेविनला सांगेल.

तेविसाव्या दिवशी क्लॅरींनी तव्यावर अंडे फोडले आणि नाक धरले. “अगं म्हातारे, ही न्याहारी आहे की मेलेला देवमासा?”

बाई पायरीवर बसल्या. “क्लॅरी, नाव विकून टाकू. मी अंडी उलटायला विसरते. उलटली असं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी फुल्या वरच असतात.”

क्लॅरींच्या हातातले उलथने थांबले. “वर नसायला हव्यात?”

“म्हणजे?”

“रेविन म्हणाली होती, आईवर लक्ष ठेवा. तू झोपलीस की मी बघायचो, तर फुल्या खाली. मला वाटायचं, फुली वर म्हणजेच अंडं उलटलेलं; म्हटलं, विसरली बिचारी. मग मीच उलटायचो. रोज. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“मी उलटं केलेलं तू रोज सुलटं करत होतास?”

“प्रेमानं गं.”

“गाढवा! तेवीस दिवस मी स्वतःला वेडी समजत होते!” असे म्हणून बाईंनी हाताला लागलेले अंडे यजमानांच्या टकलावर फोडले. हरीची करणी अशी, की तेही नासकेच निघाले. मग दोघे इतके हसले, की सुकाणू कुणी धरले होते हे वाऱ्यालाच ठाऊक.

ताहितीच्या पापीते बंदराला लागताच बाईंनी फोन केला. “रेविन, नाव राहतेय. शेजारी कुणी हवंच असेल, तर तुझा बाप पाठवते. अंडी मात्र त्याच्या हाती देऊ नकोस.”

हे शेषशायी, या माउलीचे स्मरण शाबूत राहो, तिच्या यजमानांचे प्रेम थोडे कमी कामसू होवो, आणि त्यांचे ते गळके, डुलते घर सदैव तुझ्याच अंथरुणावर तरंगत राहो!