खाऱ्या पाण्यातला कुंदा

बीडमध्ये बैठकीच्या खोलीत समुद्र पाळायचा म्हटलं की लोकांचं हसणं सोसावं लागतं. मीही सोसलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं त्या गावात मी फिल्टरच्या पाण्यात मीठ कालवून काचेची टाकी भरली, तेव्हा शेजारच्या काकू बायकोला म्हणाल्या, "आधीच पान्याची बोंब, आन तुमच्या मालकानं हाय तेबी खारं करून ठिवलं." त्यांचं काही चुकत नव्हतं.

टाकीत नारिंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी होती, थोडी प्रवाळं होती आणि पुण्याहून ओल्या कागदात गुंडाळून आणलेला खडक होता. त्या खडकावरूनच ते आलं. करंगळीच्या नखाएवढं, तपकिरी, वर बारीक धाग्यांचा झुबका. बायकोला गोड वाटलं, मलाही. आपोआप उगवलेली तुळस आमच्याकडे कुणी उपटत नाही, तसं हेही राहू दिलं. नंतर कळलं की ही समुद्रफुलाची उपद्रवी जात. शेजारच्या प्रवाळाला डंख मारते, जागा बळकावते, आणि तोडली तर तुकड्या-तुकड्यातून नवी फुटते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

इलाज एकच सापडला. पंप बंद करायचा, खायचा चुना दाट कालवायचा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने एकेकाच्या तोंडावर सोडायचा. मरतं, पण एका वेळी एकच. शाळेत दिवसभर पोरांपुढे घसा कोरडा करून आलो की मी तेच करत बसायचो.

त्याच सुमारास आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. शेती नेकनूरजवळ. आई गेल्यावर ते तिथे एकटेच होते. विहिरीपाशी पाय घसरून पडले आणि गुरं घेऊन निघालेल्या कुणाच्या तरी नजरेला पडेपर्यंत तसेच पडून राहिले. मग मी रान बटईने दिलं आणि त्यांना बीडला आणलं. आले, पण पाहुण्यासारखे. कपडे पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत. सकाळी चहा झाला की विचारायचे, "काय काम हाय का?" मी म्हणायचो, "काही नाही आबा, बसा निवांत." निवांत बसणं त्या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. दुपार कलली की दुसरा प्रश्न यायचा, "नेकनूरची गाडी कवा हाय?" परत जाऊन ते पुन्हा पडले तर या खेपेला कुणाला दिसतील, याचा भरवसा नव्हता. आणि त्यांना थांबवून धरावं असं माझ्या घरात काही नव्हतं.

एका दुपारी शाळेतून आलो, तर आबा टाकीपुढे स्टुलावर. बाही कोपराच्या वर, हातात खुरपं, फरशीवर पाण्याचं थारोळं. खडक साफ.

"तन काढलं," ते म्हणाले. "लई माजलं व्हतं. तुला कसं दिसंना रं?"

कापलेल्या तुकड्यांचा चुरा टाकीभर फिरत होता आणि पंप तो इमानेइतबारे कोपऱ्या-कोपऱ्यात पोचवत होता. मी तोंड उघडणार, तोच आबांच्या पाठीमागून बायकोने डोळे वटारले. त्या दिवशी आबांनी भाकरी मागून घेतली. गाडीचं विचारलं नाही. मी म्हणालो, "बरं केलं." या दोन शब्दांनी पुढे मला फार दमवलं.

बघता बघता ते खडकभर झालं, काचेवर चढलं, पाइपात शिरलं. आबा रोज सकाळी टोपी घालून खुरपायला बसायचे. रानात धरतात तशी एका कडेने पात धरायचे आणि दुसऱ्या कडेला गेल्याशिवाय उठायचे नाहीत. लोखंड गंजतं म्हणून मी त्यांना प्लास्टिकची पट्टी आणून दिली. ती त्यांनी दोन दिवस वापरली, मग "हिला धार न्हाई" म्हणून बाजूला ठेवली. संध्याकाळी ते मारुतीच्या देवळात हरिपाठाला गेले की मी चुना घेऊन बसायचो. बापाने सकाळी पेरायचं आणि लेकाने संध्याकाळी जाळायचं. प्रवाळं आधी मिटली, मग विरघळली. माझी पाठ धरली. रविवार कधी आला नि गेला तेही कळेनासं झालं. खरं सांगायचं तर मला आबांचा राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची, आणि पुढे पुढे दोन्हींचा कंटाळा आला.

चुना मी त्यांच्याच तंबाखूच्या डबीतून घ्यायचो. एका संध्याकाळी हरिपाठ लवकर आटोपला. आबा दारात आणि माझ्या हातात सिरिंज.

"माझा चुना हितं जातोय व्हय," ते म्हणाले. शेजारी बसले. चुना पडलेलं फूल आक्रसून पांढरं पडेपर्यंत बघत राहिले.

"ह्यानं मरतंय?"

"मरतंय."

"आन खुरपल्यानं?"

हे उत्तर मी कधीचं तयार ठेवलं होतं. "पाणीच बिघडलंय, आबा. तुमच्यामुळं काही नाही."

"मला नको शिकवू. जलम कुंद्याच्या रानात गेला माजा. कुंदा वरून खुरपला की दुप्पट फुटतोय. हे बी तसलंच तन. पयल्याच आठवड्यात कळलं मला."

"मग खुरपत का राहिलात?" माझा आवाज चढला. "सगळी टाकी गेली की माझी."

आबांनी डबीचं झाकण लावलं. "संपत न्हाई म्हनून," ते म्हणाले. "सकाळी जाग आली की काम हाय, एवढं वाटायचं." मग डबी खिशात टाकत, "लई नुस्कान केलं तुजं. उद्या जातो मी."

मी टाकीकडे बघत बसलो. आबा हात धुवायला आत गेले, तेव्हा मी एका मित्राला फोन लावून दोन्ही मासे घेऊन जायला सांगितलं. उरलेला चुना मोरीत ओतला.

सकाळी आबा पिशवी घेऊन, टोपी घालून उभे. मी शाळेला निघायच्या घाईत बूट घालत होतो. त्यांच्याकडे न बघताच म्हणालो, "आबा, मागच्या अंगाला लई माजलंय. आज ते घ्या आधी."

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मागं हात पुरत न्हाई," आबा म्हणाले. "स्टूल तेवढं सरकून दे."

मी स्टूल सरकवून दिलं आणि शाळेला गेलो.